उमेदवाराबद्दलची कुजबुज आणि फॉर्म २६ : निवडणूक आयोगाचं प्रतिज्ञापत्र पोर्टल कितपत कामाचं?

निवडणूक लागली की बातमीच्या टेबलावर ठरलेली कुजबुज येऊन पडते. याच्यावर म्हणे फसवणुकीचा गुन्हा आहे. त्यानं म्हणे पाच वर्षांत संपत्ती दुप्पट केली. तिची म्हणे पदवीच खोटी. शिवाय घरातल्या भानगडींचा एक प्रकार असतोच. तो सगळ्यात वेगानं पसरतो आणि त्याचा पुरावा सगळ्यात कमी असतो. यातल्या पहिल्या तीन प्रकारांसाठी एक फुकट सरकारी सेवा उपलब्ध आहे : भारत निवडणूक आयोगाचं उमेदवार प्रतिज्ञापत्र पोर्टल. एखादी ऐकीव गोष्ट छापण्याआधी तपासायला ही सेवा कितपत उपयोगी पडते, एवढ्याच अंगानं हा आढावा आहे.

निकाल आधीच सांगून टाकतो. उमेदवारानं शपथेवर काय लिहून दिलंय हे कळायला याच्याइतकं चांगलं साधन दुसरं नाही. लिहून दिलेलं खरं आहे का, हे पोर्टल सांगत नाही आणि तसा त्याचा दावाही नाही. बहुतेक चुकीच्या बातम्या हा फरक विसरल्यामुळेच होतात.

ही माहिती उमेदवारांनी हौसेनं दिलेली नाही. २००२ साली असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स, म्हणजे एडीआर, या संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं मतदाराचा माहितीचा हक्क मान्य केला. त्यावर संसदेनं कायदा दुरुस्त करून बरीच माहिती पुन्हा झाकायचा प्रयत्न केला, आणि ते कलम २००३ मध्ये न्यायालयानं रद्द केलं. तेव्हापासून उमेदवारी अर्जासोबत फॉर्म २६ मधलं प्रतिज्ञापत्र द्यावंच लागतं. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीआधी त्यात मोठी भर पडली : पाच वर्षांच्या विवरणपत्रांतलं उत्पन्न आणि परदेशातली मालमत्ता. त्यामुळे २०१४ आणि २०२४ ची प्रतिज्ञापत्रं शेजारी ठेवून ‘आधी लपवलं होतं’ असं लिहिण्याआधी थांबायला हवं. जुन्या नमुन्यात तो रकानाच नव्हता, असं निघू शकतं.

वापर सोपा आहे. निवडणूक, राज्य, टप्पा, मतदारसंघ निवडला की उमेदवारांची यादी फोटोसह येते. प्रत्येकाच्या नावापुढे अर्जाची स्थिती असते, आणि आत गेलं की प्रतिज्ञापत्राची पीडीएफ उतरवता येते. पहिला खड्डा इथेच आहे. एका उमेदवाराला एका मतदारसंघात चार अर्जांपर्यंत भरता येतात आणि बरेच जण एकाहून जास्त भरतात. प्रत्येकासोबतचं प्रतिज्ञापत्र वेगळं स्कॅन होतं. त्रुटी दाखवल्यावर छाननी सुरू होण्याच्या वेळेपर्यंत सुधारित प्रतही देता येते. घाईत पहिली फाइल उघडली, तिच्यात एक रकाना रिकामा दिसला, की ‘माहिती दडवली’चा मथळा तयार होतो, खालच्या फाइलमध्ये तोच रकाना भरलेला असतो. सगळ्या प्रती उतरवायच्या, प्रत्येकीवरची नोटरीची तारीख पाहायची आणि शेवटची कोणती ते ठरवायचं. एवढं झाल्याशिवाय पुढे जाऊ नये.

दुसरा खड्डा नामसाधर्म्याचा. मोठ्या उमेदवाराची मतं खायला त्याच नाव-आडनावाचा अपक्ष उभा करणं आपल्याकडे नवं नाही. शोधात नाव टाकून मिळालेली पहिली नोंद आपल्याच माणसाची असेल असं धरू नका. वडिलांचं किंवा पतीचं नाव, वय आणि मतदार यादीतला भाग व अनुक्रमांक, हे तीनही जुळले पाहिजेत.

तांत्रिक बाजूला पोर्टलला फार गुण देता येत नाहीत. पीडीएफ म्हणजे कागदाचा फोटो. त्यात शब्द शोधता येत नाही, आकडे उचलता येत नाहीत. हस्ताक्षरात भरलेले फॉर्म असतात, नोटरीचा शिक्का नेमका रकमेवर बसलेला असतो, आणि शेवटचं शून्य आहे की शिक्क्याची कड आहे ते कळत नाही. अशा वेळी भाग ‘अ’ मधला आकडा भाग ‘ब’ मधल्या गोषवाऱ्याशी ताडून पाहायचा. दोन्हीकडे वेगळे आकडे आले तर बहुतेक वेळा बेरजेची चूक असते. ती आहे तशी सांगता येते : ‘भाग अ मध्ये इतके, भाग ब मध्ये इतके’. तिला ‘घोळ’ म्हणायचं असेल तर उमेदवाराच्या लेखापालाला एक फोन आधी करावा.

आता एकेक अफवा घेऊ.

‘त्याच्यावर गुन्हा आहे’

फॉर्ममधला पाचवा मुद्दा प्रलंबित फौजदारी प्रकरणांचा. एफआयआर क्रमांक, पोलीस ठाणं, न्यायालय आणि खटला क्रमांक, कलमं, थोडक्यात वर्णन, आरोप निश्चित झाले का आणि झाले असल्यास तारीख. सहावा मुद्दा दोषसिद्धीचा. बातमीत हे दोन मुद्दे एकमेकांत मिसळले की माणूस न्यायालयाआधीच गुन्हेगार ठरतो. ‘गुन्हा दाखल’, ‘दोषारोपपत्र दाखल’, ‘आरोप निश्चित’ आणि ‘दोषी’ या चार वेगळ्या पायऱ्या आहेत, आणि शब्द त्या त्या पायरीचाच वापरायला हवा.

कुजबुजीत आलेलं प्रकरण पाचव्या मुद्द्यात सापडलं तर निम्मं काम झालं. खटला क्रमांक घेऊन ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर जायचं, जिल्हा आणि न्यायालय संकुल निवडायचं, प्रकरणाची सद्यस्थिती पाहायची. एकदा सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांक, म्हणजे त्या खटल्याचा स्वतंत्र ओळखक्रमांक, हाती लागला की पुढे तोच पुरतो. नावानं शोधणार असाल तर स्पेलिंगचे चार-पाच प्रकार करून बघा. ‘देशमुख’ एकाच जिल्ह्यात तीन तऱ्हांनी नोंदलेलं दिसतं. आणि नुसतं नाव जुळलं म्हणजे माणूस जुळला असं नाही.

सापडलं नाही, तर खरी परीक्षा सुरू होते. न सापडण्याची निदान चार निरुपद्रवी कारणं संभवतात. गुन्हा प्रतिज्ञापत्राच्या तारखेनंतर दाखल झाला. उच्च न्यायालयानं तो रद्द केला. पोलिसांनी समरी अहवाल, म्हणजे तपास बंद करण्याचा अहवाल, दिला आणि दंडाधिकाऱ्यांनी तो स्वीकारला. किंवा मुळात गुन्हा नव्हताच, ती होती एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद.

शेवटचं कारण जरा जवळून बघण्यासारखं आहे, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या ‘पुराव्यां’मध्ये हाच प्रकार वरचेवर दिसतो. पोलीस ठाण्याचं नाव, गोल शिक्का, तक्रारदाराचं नाव, उमेदवाराचं नाव, खाली सही. कागद अस्सल असतो. फक्त वरच्या ओळीत ‘अदखलपात्र’ असं लिहिलेलं असतं आणि फोटो काढताना तेवढीच ओळ कापलेली असते. अदखलपात्र नोंदीवर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपासही करत नाहीत. कोणीही कोणाविरुद्ध ती नोंदवू शकतं, अगदी मतदानाच्या आठवड्यातसुद्धा. त्यामुळे कागदाची वरची कड दिसत नसेल तर तो कागद आपल्याकडे आलाच नाही असं समजावं.

समरीचंही तसंच. ‘अ’ समरी म्हणजे गुन्हा घडला, पण आरोपी किंवा पुरावा मिळाला नाही. ‘ब’ म्हणजे तक्रार खोटी, खोडसाळ. ‘क’ म्हणजे गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाच्या वादातून आलेली तक्रार. ‘पोलिसांनी प्रकरण दाबलं’ असं सांगणाऱ्याला आधी एवढंच विचारायचं : समरी कोणती? उत्तर येत नसेल तर त्यानं कागद पाहिलेला नाही.

महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर एफआयआर पाहता येतात. जिल्हा, पोलीस ठाणं आणि तारखा टाकाव्या लागतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानुसार त्या २४ तासांत चढवायच्या आहेत, अडचण असेल तर जास्तीत जास्त ७२ तासांत. पण लैंगिक अत्याचार, दहशतवाद यांसारखी संवेदनशील प्रकरणं त्यातून वगळलेली आहेत. म्हणजे तिथे नाही यावरून ‘गुन्हा नाहीच’ असंही लिहिता येत नाही. दोन्ही बाजूंनी हात बांधलेले आहेत, आणि ते योग्यच आहे.

एक जोड-तपासणी सहसा कोणी करत नाही. गुन्हे असलेल्या उमेदवाराला प्रचारकाळात तीनदा वृत्तपत्रांत आणि दूरचित्रवाणीवर ते जाहीर करावे लागतात, सी-१ नमुन्यात. पक्षालाही अशा माणसालाच उमेदवारी का, याची कारणं निवडीनंतर ४८ तासांत प्रसिद्ध करावी लागतात. या जाहिराती कोपऱ्यात, बारीक अक्षरांत छापून येतात. कुजबुजीतला ‘गौप्यस्फोट’ पुष्कळदा तिथे आधीच छापलेला असतो.

‘पाच वर्षांत दुप्पट’

मालमत्तेच्या अफवांना फॉर्म २६ सगळ्यात चांगला पुरतो, आणि सगळ्यात जास्त फसवतोही. स्थावर मालमत्तेच्या तक्त्यात गट किंवा सर्व्हे क्रमांक, क्षेत्रफळ, वारसाहक्कानं आली की विकत घेतली, खरेदीची तारीख आणि किंमत, विकासावर केलेला खर्च आणि सगळ्यात शेवटी अंदाजे चालू बाजारभाव असे रकाने असतात. मथळे या शेवटच्या रकान्यावर होतात. तो रकाना अंदाजाचा आहे, हे मथळ्यात कधी येत नाही.

एक कल्पित उदाहरण घेऊ. २०१९ च्या प्रतिज्ञापत्रात दोन हेक्टर जमीन ८० लाखांची, एक फ्लॅट ५० लाखांचा, ठेवी-सोनं-गाडी मिळून २० लाख. एकूण दीड कोटी. २०२४ मध्ये जमीन २ कोटी २० लाख, फ्लॅट ७५ लाख, जंगम ३५ लाख. एकूण ३ कोटी ३० लाख. ‘संपत्तीत दुपटीहून अधिक वाढ’ हे वाक्य गणितानं खरं आहे. पण दोन्ही वर्षांचे गट क्रमांक जुळवले की जमीन तीच, फ्लॅट तोच. १ कोटी ८० लाखांच्या वाढीतले १ कोटी ६५ लाख निव्वळ भाववाढीचे. नव्यानं जमा झाले ते १५ लाख. आता चौथ्या मुद्द्यातलं पाच वर्षांचं विवरणपत्रातलं उत्पन्न बघा. ते एकूण ४२ लाख असेल, तर ४२ मधून १५ शिल्लक राहिले यात बातमी काय आहे?

उलटही होतं. गट क्रमांक नवे दिसले, खरेदीची किंमत उत्पन्नाशी जुळत नसली, ‘दायित्वे’च्या तक्त्यात कर्जही नसलं, तर मात्र प्रश्न खरा आहे. मग सातबारा आणि फेरफार पाहायचा, नोंदणी विभागाच्या ई-सर्चमध्ये गाव, वर्ष आणि मिळकत क्रमांक टाकून सूची क्रमांक २ काढायची. सूची २ वर घेणार, देणार, मोबदला आणि बाजारमूल्य येतं. महाभूमीच्या संकेतस्थळावर डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १५ रुपयांत मिळतो. नुसता बघायचा सातबारा फुकट आहे, पण वाद झाला तर स्वाक्षरी असलेलाच हाताशी असावा.

‘मुलाच्या नावावरचा बंगला लपवला’ हा आरोप तर फॉर्म न वाचताच केला जातो. फॉर्ममध्ये स्वतः, पती किंवा पत्नी, हिंदू अविभक्त कुटुंब आणि अवलंबित व्यक्ती यांचीच मालमत्ता लिहायची असते. अवलंबित कोण, हेही दिलेलं आहे : ज्यांना स्वतंत्र उत्पन्नाचं साधन नाही आणि ज्यांचा उदरनिर्वाह उमेदवारावर चालतो ते. तिशीतला, स्वतःचा धंदा असलेला मुलगा त्यात येत नाही. त्याचा बंगला प्रतिज्ञापत्रात नसणं ही लपवाछपवी नव्हे, फॉर्मची मर्यादा आहे. बंगल्याला पैसा कुठून आला, हा वेगळा आणि वैध प्रश्न. पण त्याचं उत्तर या पोर्टलवर मिळणार नाही, आणि ‘प्रतिज्ञापत्रात उल्लेख नाही’ हे वाक्य लिहून ते मिळाल्याचा आव आणता येणार नाही.

गाड्यांबाबतही सबुरी हवी. वाहन नोंदणीत एखाद्याचं नाव दिसतं म्हणजे गाडी त्याचीच आहे असं नाही. विकलेली गाडी हस्तांतर न झाल्यानं वर्षानुवर्षं जुन्या मालकाच्या नावावर राहते. अरुणाचल प्रदेशातल्या एका आमदाराच्या निवडीला याच मुद्द्यावर आव्हान दिलं गेलं होतं. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याच्या बाजूनं निकाल दिला. लक्षणीय किमतीची किंवा राहणीमानावर प्रकाश टाकणारी नसेल तर प्रत्येक जंगम वस्तू जाहीर करायची गरज नाही, असंही त्यात म्हटलं आहे. घड्याळ, चष्मा, पेन यांवरून ‘लपवलं’ म्हणणाऱ्यांनी तो निकाल वाचावा.

पदवी, खाती आणि बाकीचं

शिक्षणाच्या रकान्यात सर्वोच्च पात्रता, संस्था आणि वर्ष असतं. एकाच उमेदवाराची तीन निवडणुकांमधली प्रतिज्ञापत्रं समोर ठेवली आणि पदवीचं वर्ष तिन्हीत वेगळं निघालं, तर ती बातमी आहे, आणि त्यासाठी ‘सूत्रां’ची गरज नाही. जुन्या निवडणुकांचा संग्रह मुख्य यादीपासून वेगळा ठेवलेला आहे. थोडं शोधावं लागतं.

फॉर्मच्या सुरुवातीलाच समाजमाध्यमांवरची खाती लिहायची असतात, हे फार जणांच्या लक्षात येत नाही. उमेदवाराच्या नावानं फिरणाऱ्या आक्षेपार्ह पोस्टचा स्क्रीनशॉट आला की आधी खात्याचं नाव या ओळीशी ताडा. एका अक्षराचा किंवा एका टिंबाचा फरक असतो. न लिहिलेलं खातं त्याचं नसेलच असं नाही, पण लिहिलेल्या खात्यावर ती पोस्ट कधी होती का, एवढं संग्रहित प्रत पाहून तपासता येतं.

घरातल्या भानगडींबद्दल फॉर्म गप्प आहे. पती-पत्नीचं नाव मालमत्तेच्या अनुषंगानं येतं, तेवढंच. हे चांगलंच आहे. खासगी आयुष्यातली गोष्ट छापायची तर तिचा पदाशी संबंध दाखवता आला पाहिजे : सरकारी पैसा, पदाचा गैरवापर, गुन्हा. संबंध दाखवता येत नसेल तर ती खरी निघाली तरी बातमी होत नाही.

पोर्टल जे करत नाही

निवडणूक निर्णय अधिकारी प्रतिज्ञापत्रातला मजकूर खरा-खोटा तपासत नाही. रकाने भरलेत का, एवढंच बघतो. २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर रिकामा रकाना चालत नाही. ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ लिहावं लागतं, आणि आठवण करून देऊनही रिकामा ठेवला तर अर्ज फेटाळता येतो. म्हणून ‘आयोगानं मान्य केलेली संपत्ती’, ‘आयोगानं क्लीन चिट दिली’ ही वाक्यं निखालस चुकीची आहेत. ज्याला मजकूर खोटा वाटतो तो प्रति-प्रतिज्ञापत्र देऊ शकतो, आणि तेही जाहीर होतं. पण ते विरोधकाचं म्हणणं असतं, शोध नव्हे. खोट्या माहितीसाठी लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२५-अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही आहे. त्यासाठी न्यायालयात जावं लागतं.

मायनेता हे एडीआरचं संकेतस्थळ पोर्टलपेक्षा वापरायला कितीतरी सोपं आहे. शोधता येतं, मागच्या निवडणुकीशी तुलना दिसते, बेरजा तयार मिळतात. पण ते आकडे प्रतिज्ञापत्रांवरून उतरवलेले असतात, त्यामुळे छापायचा आकडा मूळ पीडीएफवरूनच घ्यावा. त्यातली ‘गंभीर गुन्हे’ ही वर्गवारी संस्थेनं स्वतःच्या निकषांवर केलेली आहे, न्यायालयानं नव्हे. वापरायची तर ‘एडीआरच्या वर्गवारीनुसार’ हे शब्द सोबत हवेत. आयोगाचं ‘नो युवर कँडिडेट’ अ‍ॅप गुन्ह्यांची पार्श्वभूमी पटकन दाखवतं. फोनवरून प्राथमिक नजर टाकायला ठीक, त्यापुढे नाही.

एप्रिल २०२४ मध्ये आयोगानं ‘मिथ व्हर्सेस रिअ‍ॅलिटी’ नोंदवही सुरू केली. मतदानयंत्र, मतदार यादी, मतमोजणी यांबद्दलच्या अफवांना ती बरी आहे, उमेदवाराबद्दलच्या कुजबुजीला नाही. सीव्हिजिल अ‍ॅपकडेही लोक चुकीची अपेक्षा घेऊन जातात. ते आचारसंहिताभंगासाठी आहे. जागेवर काढलेला फोटो-व्हिडिओच घेतं, गॅलरीतला घेत नाही, आणि १०० मिनिटांत कारवाईचं उद्दिष्ट ठेवतं. फॉरवर्ड झालेली क्लिप तपासण्याचं ते ठिकाण नव्हे.

‘चर्चेला उधाण’

साधनं एवढी असूनही न तपासलेली गोष्ट छापली जाते, कारण मराठी बातमीत त्यासाठी तयार साचे पडून आहेत. ‘राजकीय वर्तुळात चर्चा आहे’, ‘असे बोलले जात आहे’, ‘उलटसुलट चर्चेला उधाण’, ‘खासगीत कबूल करतात’. ‘बोलले जात आहे’ या कर्मणी प्रयोगात बोलणारा गायब होतो, आणि बोलणारा गायब झाला की त्याला ‘तुला कसं कळलं?’ हे विचारता येत नाही. साधी कसोटी आहे : ते वाक्य कर्तरीत फिरवून बघा. ‘अमुक पक्षाच्या तालुकाध्यक्षानं, नाव न सांगण्याच्या अटीवर, कोणताही कागद न दाखवता सांगितलं.’ असं लिहिल्यावर ते छापायची हिंमत होत नसेल, तर कर्मणीतही छापू नये.

प्रश्नचिन्हाचा मथळा आणि ‘आरोप फेटाळला’ची बातमी ही त्याचीच भावंडं. जी अफवा पाचशे लोकांनी ऐकली होती, ती खंडनाच्या बातमीनं लाखांपर्यंत जाते. खंडन छापायचं तेव्हाच, जेव्हा अफवेचा परिणाम आधीच दिसलेला असतो : पोलिसांत तक्रार, सभेतला गोंधळ, उमेदवाराचं स्वतःचं जाहीर निवेदन. तेव्हा मथळ्यात काय सिद्ध आहे ते घ्यावं, अफवेचा उल्लेख मजकुरात एकदाच करावा, आणि बनावट चित्र वापरायचंच तर त्याच्यावर आडवं ‘खोटे’ लिहून, कापता येणार नाही असं.

कायदा इथे वाटतो त्यापेक्षा कडक आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम १७५ निवडणुकीच्या निकालावर परिणाम करण्याच्या हेतूनं उमेदवाराच्या व्यक्तिगत चारित्र्याबद्दल केलेल्या खोट्या विधानासाठी दंड सांगतं, आणि त्यात ‘खोटं आहे हे माहीत असून’ एवढंच नाही, तर ‘खरं आहे असं वाटत नसताना’ हेही येतं. उमेदवारानं किंवा त्याच्या संमतीनं इतरानं तसं केलं तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३(४) खाली तो भ्रष्ट आचार ठरतो आणि निवड रद्द होऊ शकते. बदनामीचं कलम ३५६ वेगळंच. ‘आम्ही फक्त दुसऱ्याचं म्हणणं दिलं’ हा बचाव तिथे सहसा टिकत नाही. न पडताळलेले आरोप उमेदवाराविरुद्ध छापू नयेत, असं प्रेस कौन्सिलचे निवडणूकविषयक निकषही स्पष्ट सांगतात. कौन्सिलच्या हाती ताशेऱ्यापलीकडे काही नाही, आणि वाहिन्या तिच्या कक्षेत नाहीत, हा भाग निराळा.

बाजू मागवण्याचीही रीत आहे. संध्याकाळी सात वाजता ‘तुमच्याबद्दल बरंच ऐकू येतंय, प्रतिक्रिया द्या’ असा फोन करून ‘संपर्क होऊ शकला नाही’ लिहिणं ही पळवाट झाली. प्रश्न लेखी, नेमका, कागदाच्या क्रमांकासह पाठवावा : ‘२०२४ च्या प्रतिज्ञापत्रात अमुक गट क्रमांक नाही, सूची २ वर तो आपल्या पत्नीच्या नावे दिसतो. कारण काय?’ उत्तराला निदान एक पूर्ण दिवस द्यावा. आणि खातरजमेसाठी वीस जणांना ‘त्याच्याबद्दल हे खरं का हो?’ असं विचारत फिरू नये. त्यातल्या दहा जणांना ते आपल्याकडूनच पहिल्यांदा कळतं, आणि उरलेले ‘पत्रकारसुद्धा विचारत होता’ असं पुढे सांगतात.

मतदान संपण्याआधीचे ४८ तास हा वेगळाच मामला. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२६ प्रचारसभा आणि दूरचित्रवाणीवरचा निवडणूकविषयक मजकूर थांबवतं, पण फोन चालूच असतात. स्लोव्हाकियात सप्टेंबर २०२३ मध्ये एका पक्षनेत्याच्या आवाजातली बनावट ध्वनिफीत मतदानाला दोन दिवस असताना, नेमकी शांतता काळात फिरवली गेली. त्यामुळे खंडन लोकांपर्यंत पोचवणं अवघड झालं. आपल्याकडे मे २०२४ मध्ये आयोगानं पक्षांना असा बनावट मजकूर लक्षात आणून दिल्यावर तीन तासांत काढायला सांगितलं आहे. तीन तासांत एखादी क्लिप किती गावं फिरते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. या काळात ध्वनिफितीची मूळ फाइल मिळत नसेल, ती कोणी, कुठे, कधी रेकॉर्ड केली हे सांगणारं कोणी नसेल, तर ती वाजवू नये आणि तिचं शब्दांकनही करू नये.

पोर्टलबद्दलची सगळ्यात मोठी तक्रार राहिलीच. महापालिका, जिल्हा परिषद, पंचायत समितीच्या उमेदवारांची प्रतिज्ञापत्रं इथे नसतात. त्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो आणि त्याची व्यवस्था वेगळी आहे. अफवा मात्र तिथेच जास्त, कारण वॉर्ड लहान आणि माणसं ओळखीची. त्या वेळी निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या फलकापाशी स्वतः जायचं, लावलेल्या प्रतीचा प्रत्येक पानाचा फोटो घ्यायचा, नोटरीची तारीख आणि पानाची चारही टोकं चौकटीत येतील असा.